जीभ वर कर

आमच्या ह्यांचा जगात कशावर विश्वास असेल, तर तो नंबरावर. लाँड्री चालवणाऱ्या माणसाचं असंच होतं म्हणा. गिऱ्हाईक येतं, शर्ट उलटापालटा करतं आणि छातीठोकपणे सांगतं, हा माझा नव्हेच, माझा जास्त निळा होता. हे वाद घालत नाहीत. कॉलर उलटतात, आत टाचलेला कापडी नंबर दाखवतात, मग पावतीवरचा नंबर दाखवतात आणि हाताची घडी घालून गप्प उभे राहतात. गिऱ्हाईक एवढंसं तोंड करून शर्ट घेऊन जातं. माणूस विसरतो, माणूस फेकतो, नंबर काही फेकत नाही, असं ह्यांचं म्हणणं. मला ते अगदी पटायचं, कारण तोपर्यंत नंबर कधी माझ्यावर उलटला नव्हता.

दुकान खाली, घर वर. मागच्या खोलीत बॉयलर, त्याची वाफ पाइपातून पुढच्या दोन इस्त्र्यांना जाते. एका इस्त्रीवर हे, दुसरीवर मामा. मामा म्हणजे माझा मामा नव्हे, ह्यांचाही नव्हे. गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणतात. बायको गेल्यापासून एकटा राहणारा, कमी बोलणारा माणूस. आणि खिडकीशी माझं टेबल. रफू, बटणं, उसवलेल्या शिवणी. हॉटेलच्या चादरींपासून वकिलांच्या कोटांपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जायचं, आणि फाटलं कुठे होतं ते मालकालासुद्धा सापडायचं नाही. एवढी मिजास मी मारणारच, ती माझ्या हक्काची आहे.

थायरॉइड निघाला तेव्हा मला तर हायसंच वाटलं होतं. त्याआधी वर्षभर मी सगळ्यांना आळशी वाटत होते, मला स्वतःलासुद्धा. जिना चढले की बसावंसं वाटायचं, केस गळायचे, आवाज बसका झाला होता, भर दुपारी बॉयलरशेजारी बसून मला थंडी वाजायची. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, गळ्यातली ग्रंथी कामचुकारपणा करतेय, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, वर अर्धा तास चहा नाही. म्हणजे आळशी मी नव्हते, माझी ग्रंथी होती. ह्यांनी घरी येताना रस्त्यात मला दोनदा विचारलं, फार त्रास होत होता का गं. तो आवाज मला अजून आठवतो.

गोळीची जबाबदारी ह्यांनी अंगावर घेतली, कारण माझा विसरभोळेपणा जगजाहीर. ह्यांचा एक हट्ट आहे. वस्तू कपाटात ठेवली की ती मेली, असं हे समजतात. ज्याची आठवण राहायला हवी ते डोळ्यांसमोर हवं. सकाळी उठून हे पहिलं काम काय करतात, तर खाली जाऊन बॉयलर पेटवतात आणि दाबाचा काटा बघतात. त्या काट्याच्या अगदी वर एक लाकडी फळी आहे. तिथे बाटली ठेवली. काटा बघायचा, वर हात करायचा, गोळी काढायची. मी खाली उतरले की हे माझ्या तळहातावर गोळी ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला पुढे करायचे. एकही दिवस चुकला नाही. ताप होता तेव्हाही नाही.

गोळी कोमट असायची. मामा कामाला आले की त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणायचे, बाकीच्या बायकांना नवरे गरम चहा देतात, आमच्या नशिबी गरम गोळी. हे हसायचे. मामांच्या मिशीतही काहीतरी हलायचं. रोजचीच थट्टा होती, पण आम्हाला ती पुरायची.

सुरुवातीला बरं वाटलं, ते टिकलं नाही. पुढच्या तपासणीत आकडा वाईट आला. हा आकडा उलटा चालतो, हे मला तेव्हा कळलं. तो जितका वर, तितकी गोळी कमी पडतेय असं समजायचं. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुन्हा तपासलं, आकडा आणखी वर. पुन्हा वाढवला. माझा चेहरा सुजला, पापण्या जड झाल्या, सुईत दोरा ओवायला मला मामांना हाक मारावी लागायला लागली. मामा न बोलता ओवून द्यायचे. एका वकिलाच्या कोटाच्या कोपरावर मी असं काही रफू केलं की ते बघून मलाच रडू आलं आणि मी ते सगळं पुन्हा उसवलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. घाईत असायचे, पण ऐकून घ्यायचे. त्यांनी सगळं विचारलं. दूध कधी घेता, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, कॅल्शियम, ऍसिडिटीचं काही? सगळ्याला नाही. गोळी नीट ठेवता ना, असंही विचारलं. ह्यांनी अभिमानाने सांगितलं, अगदी कोरड्या जागी, नजरेसमोर. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तुमच्या वजनाच्या बाईला हा डोस भरपूर आहे. इतकी गोळी पोटात गेली तर आकडा असा येतच नाही.

मी म्हटलं, मग तपासणी चुकली असेल. ते म्हणाले, दुसरीकडे करून घ्या. घेतली. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडाही तोच, थोडासा पुढेमागे. ते दोन कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि मला बघताक्षणी कळलं की आता माझं काही खरं नाही. कारण हे ते दोन कागद बघत होते, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, कॉलर उलटून नंबर दाखवताना असतो तो.

डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, पुष्कळ लोक गोळी टाळतात, मी दोष देत नाही, कंटाळा येतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "डॉक्टर, आकडा खरा असेल. पण मीही खरीच आहे."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गोळी गिळली, पेला परत दिला, तरी हे समोरून हलेनात. म्हणाले, "तोंड उघड बघू."

मला आधी थट्टाच वाटली. मी मोठा आ केला, दात दाखवले, दंतवैद्याकडे करतात तसा आवाजही काढला. हे हसले नाहीत. वाकून बघितलं आणि मग म्हणाले, जीभ वर कर.

पहिल्या दिवशी मी ते केलं, कारण मला कळलंच नाही काय चाललंय. दुसऱ्या दिवशी मी भांडले. दुकान डोक्यावर घेतलं. लहान पोर समजता की चोर समजता, असं विचारलं. हे शांतपणे म्हणाले, मग आकडा कुठून येतो ते सांग. ते मला सांगता येईना. तुम्हाला सांगते, खरं बोलत असताना ते पटवता न येणं यासारखी लाचारी नाही. खोटं बोलणाऱ्याकडे निदान काहीतरी सांगायला असतं.

मग रोजचंच झालं. गोळी, पाणी, तोंड, जीभ. एका सकाळी मामा लवकर आले आणि नेमके दारातच थांबले. मी बॉयलरपाशी उभी, तोंड उघडं, जीभ टाळ्याला, आणि हे हातात टॉर्च घेऊन आत बघतायत. मामा वळले आणि हँगरांच्या ढिगात काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. त्या दिवशी मी त्यांच्याकडे दोरा ओवायला दिला नाही. बोटं टोचून घेतली पण दिला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मलाच माझी शंका यायला लागली. गोळी गिळल्यावर मी घशाला हात लावून उभी राहायचे. कधी उशी उचलून खाली बघायचे, कुठे थुंकली तर नाही झोपेत. सकाळी ह्यांच्यासमोर गिळलेली गोळी रात्री उशीखाली कुठून येणार, पण डोकं चालेनासं झालं की माणूस काहीही शोधतो. ह्यांना मी असं उशी चाचपताना एकदा सापडले. हे तसेच मागे फिरले. पण त्यांना काय वाटलं असेल ते मला चांगलं कळलं.

धाकटी बहीण भेटायला आली आणि माझा अवतार बघून म्हणाली, चल माझ्याकडे. मी निघाले. रागातच निघाले, बाटली ह्यांच्या फळीवर ठेवून. धाकटीने तिच्या इथल्या दुकानातून त्याच डोसची नवी बाटली आणली आणि पलंगाशेजारच्या खणात ठेवली. तिने एकदाही माझ्या तोंडात बघितलं नाही. ताई, गोळी झाली का, एवढं बाथरूममधून ओरडून विचारायची, आणि मी हो म्हटलं की तिचा विषय संपायचा. मला त्याचंच इतकं बरं वाटायचं की आधी मला वाटलं, बरं वाटतंय ते त्यानेच.

पण सूजही उतरली. आवाज परत आला. धाकटीच्या पडद्यांना मी इतकी सुबक किनार घातली की ती म्हणाली आता कायमची राहा. मग थोड्या दिवसांनी छातीत धडधडायला लागलं, हात थरथरायला लागले. तपासलं, तर आकडा खाली. नको तितका खाली.

मी तो कागद घेऊन नाचतच परत आले. वाटलं, आता बघा. आणि हे, कागद वाचून, खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, म्हणजे तिथे घेतलीस.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, म्हणजे इथे घेत नव्हतीस. डॉक्टरांचंही तेच. त्यांनी डोस पुन्हा पहिल्याइतका खाली आणला आणि म्हणाले, ताई, त्या वाढवलेल्या डोसवर तुम्हाला तिथे धडधड झाली. घरी खरंच घेत असतात तर ती घरीच झाली असती. हिशोब चोख होता. माझ्याजवळ होता तो एकुलता एक पुरावा मीच हाताने नेऊन दिला होता, आणि तो माझ्याच गळ्यात पडला.

त्या दिवसापासून हे माझ्याशी जपून बोलायला लागले. चिडणं संपलं, टॉर्चही बंद झाला. नुसतं गोळीनंतर तोंड बघायचे, आणि बघून झाल्यावर म्हणायचे, बरं. ह्या बरंमध्ये विश्वास नव्हता, दया होती. एकदा तर म्हणाले, तुला माझ्याजवळ राहायचं नसेल तर तसं सांग, असं अंगावर काढू नकोस. म्हणजे ह्यांनी मनाशी कारणही शोधून ठेवलं होतं. मला बरं व्हायचंच नाही, कारण मला हे नको झालेत. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना खूप काही बोलले असेन, पण असं कधी मनातही आलं नव्हतं. मी वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले.

थंडी सुरू झाली, आणि आकडा पुन्हा वर गेला. आता मात्र मी हट्टाला पेटले. डॉक्टरांना म्हटलं, मला तुमच्यासमोर घ्यायचीय. माझीच बाटली, माझीच गोळी, तुमच्या नर्सच्या डोळ्यांदेखत. नंतर रक्त काढा, हवं तितक्या वेळा काढा. डॉक्टर म्हणाले, अशी एक चाचणी असते खरी. गोळी समोर देऊन दिवसभर रक्त बघायचं, म्हणजे ती शरीरात शिरते की नाही ते कळतं. उद्या सकाळी उपाशी या. आणि बाटली तुमचीच आणा.

दवाखाना आमच्या मागच्याच रस्त्याला. सकाळी ह्यांनी बॉयलर पेटवला, मामांच्या हवाली केला, फळीवरची बाटली उचलली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. बाहेर तोंडातून वाफ निघत होती. वाटेत ह्यांनी माझा हात धरला, दवाने ओल्या रस्त्यावरून पाय घसरतो म्हणून. मी तो धरू दिला, पण बोलले नाही. मला त्या क्षणी फक्त जिंकायचं होतं.

डॉक्टरांनी बाटली मागितली. ह्यांनी खिशातून काढून त्यांच्या हातात दिली. डॉक्टर झाकण उघडणार होते, आणि त्यांची बोटं थांबली. त्यांनी बाटली दुसऱ्या हातात घेतली. मग गालाला लावली.

"ही गरम का आहे?" त्यांनी विचारलं.

हे लगेच म्हणाले, अगदी नेहमीच्या अभिमानाने म्हणाले, "बॉयलरवर असते ना. नजरेसमोर. एक दिवस चुकलेला नाही."

डॉक्टरांनी बाटली फिरवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली, खरं तर त्यांना ती पाठ असणार. एक गोळी काढून तळहातावर उलटीसुलटी केली. मग त्यांनी समजावून सांगितलं, फार हळू, अगदी साध्या शब्दांत. हे औषध उष्णतेने मरतं. दिसायला गोळी तीच राहते, आतलं औषध जातं. माझ्या बहिणीच्या खणात ते जिवंत होतं, म्हणून तिकडे धडधड झाली. बॉयलरवर ते रोज थोडं थोडं भाजलं जात होतं. मी रोज गोळी घेत होते. गोळीत काही उरलेलं नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी नीट ठेवता ना असं विचारलं होतं. कुठे ठेवता ते विचारायला हवं होतं. माझं चुकलं, ताई."

हीच ती वेळ, जिची मी किती महिने वाट बघत होते. काय काय बोलायचं ते मी रफू करता करता शंभर वेळा मनात घोळवलं होतं. आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डॉक्टरांच्या टेबलावरची ती बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते. ती निवत होती, आणि हे तिच्याकडे बघत होते. मला त्यांचा एवढा कळवळा आला की बोलायचं सगळं घशातच राहिलं. थट्टा तर मीच करत होते ना, गरम गोळी, गरम गोळी. आम्ही तिघंही हसत होतो, आणि ते डॉक्टरांना सांगावं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

परत येताना हे एकच वाक्य बोलले. म्हणाले, "मला तुझ्यापेक्षा कागद खरा वाटला गं."

मी म्हटलं, जाऊ द्या. जाऊ द्या असं म्हणताना माझ्या मनातही तेच होतं, की हे सगळं जावं. माझा राग नाकावर असतो, पण तो तिथे फार वेळ बसत नाही, हे माझ्या शत्रूलाही कबूल आहे.

आता नवी बाटली वर, आमच्या खोलीतल्या कपाटात असते. आरशाच्या दारामागे, थंड जागी. हे ती कपाटात ठेवायला स्वतः आले होते. आकडा जिथे हवा तिथे आहे. सुईत दोरा मी स्वतः ओवते. त्या वकिलाचा कोट पुन्हा आला, तेव्हा मी त्याचं कोपर असं भरून काढलं की फाटलं कुठे होतं ते मलाच शोधावं लागलं. सगळं बरं झालंय, विचाराल तर मी हेच सांगेन.

फक्त एक राहिलंय. दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी ह्यांनी मला पाण्याचा पेला दिला, मी गोळी गिळली, पेला परत दिला, आणि माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते उघडलं. जीभ वर गेली. ह्यांचा चेहरा मी बघितला आणि लगेच तोंड मिटलं. हे म्हणाले, नको गं. नुसतं एवढंच. मी म्हटलं, अहो, सवय हो, जाईल.

गेली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी ओठ दातांत धरून बघितले, गिळताना पाठ फिरवून बघितली. पाठ फिरवली तरी ह्यांना मागून माझ्या जबड्यावरून कळायचं. मग हे पेला टेबलावर ठेवून, काहीतरी निमित्त काढून, माझ्याआधी खाली जायला लागले. बॉयलर पेटलेला असतो, मामा आलेले असतात, घाईचं असं काही नसतं. तरी जातात. जिन्यावरून त्यांची पावलं ऐकू येतात, आणि ती खाली पोचेपर्यंत मी गोळी हातात धरून थांबते.

मग खोलीत मी एकटी असते. गोळी गार असते. मी ती गिळते, पाणी पिते, आणि समोरच्या आरशात माझं तोंड उघडतं, जीभ वर जाते. बघायला कोणी नसतं. थोडा वेळ मी तशीच उभी राहते, मग कपाटाचं दार लावते आणि खाली दुकानात जाते.